उंबऱ्याचा ठसा

माझी पिठाची चाळणी हरवलेली नाही.
मागच्या शेडमध्ये इडवल तिच्यातून वाळू चाळतो.
तीन भाग वाळू, एक भाग सिमेंट,
पाणी इतकंच की मूठ वळावी आणि बोटांतून ओल सुटू नये.
व्हिनेगरची बाटली तिकडेच गेली. ताकही.
ताक भिंतींना फासायचं म्हणे, शेवाळ लवकर धरतं.

चाळीस वर्षं या माणसानं बँगोरला दात केले.
लोकांच्या जबड्यांचे साचे, डब्यांवर आडनावं,
आणि ओतायची ती पांढरी भुकटी,
तिला त्यांच्या धंद्यात दगडच म्हणतात.
"आज नऊ दगड ओतले," म्हणत घरी यायचा,
नखांत पांढरं घेऊन जेवायला बसायचा.
आता निवृत्त झालाय,
दगडाचा दगडच करतो.

रबराच्या साच्यात स्टेशन पालथं झोपलेलं असतं.
खिडकीच्या जागी उंचवटा, दाराच्या जागी उंचवटा,
हे उलटं गणित मला कळायला एक हिवाळा लागला.
साच्याच्या कडेला तो चमच्यानं टकटक करत राहतो,
बुडबुडे वर येतात, फुटतात,
एखादा लबाड आत दडी मारतो
आणि सकाळी चॅपलच्या दर्शनी भिंतीला
देवीचा वण.
"असू दे," म्हणतो. "खऱ्यालाही आहे."
मग ओल्या पोत्याखाली आठ दिवस.
तेवढे दिवस हलक्या पावलांनी चालायचं,
घरात बाळंतीण असल्यासारखं.

ऑक्टोबरात तो गुलाबी रबराचे अकरा डबे घेऊन निघाला.
बेथेस्डा, खाणीखालची रांग, घर नंबर चौदा.
त्याच्या बापाचं घर तिसऱ्यांदा विकलं गेलं होतं.
दार आता फिकट हिरवं, बाजूला किल्लीची आकडेवाली पेटी.
त्यानं टकटक केली. मी गाडीत, मान खाली.
"तुमच्या उंबऱ्याचा ठसा घेऊ का?"
आधी वेल्शमध्ये,
मग मुलीला कळेना म्हणून इंग्रजीत.
टॅमसिन तिचं नाव, मँचेस्टरची, पायात नुसते मोजे.
"दाताचा घेतात तसा?"
"तसाच," इडवल म्हणाला, आणि दोन्ही गुडघ्यांवर बसला.

काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात.
पण दगड झिजतो.
पहाटे खाणीवर चढणारे खिळ्यांचे बूट,
शनिवारी घासणीचा हात,
आणि एकदा चौघांनी तिरकं करून बाहेर काढलेली पेटी:
यातलं तो एक अक्षर बोलला नाही.
रबर घट्ट होईपर्यंत टॅमसिन चहाचा कप धरून उभी राहिली,
तिच्याच दारात, पाहुण्यासारखी.

मला वाटलं, आता एक छोटं घर होईल,
नखाएवढा उंबरा, त्यावर नखाएवढी खळगी.
त्यानं उंबरा होता तेवढाच ओतला,
तीन फूट लांब, काळा रंग घालून,
आणि स्टेशनशेजारी जमिनीत पुरला.
मी काही विचारलं नाही.

आमच्या बागेत एकोणीस फुटांचा एक फूट होतो.
बापाच्या बुटांनी खणलेला दीड इंच
तिथल्या माणसाला मांडीइतका.
रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी
फलाटाच्या टोकाला तळं होतं.
लाल छातीचा एक रॉबिन त्यात बसून
रुळांवर पाणी उडवत होता.
इडवल हातात रिमोट धरून उभा,
इंजिन सिग्नलपाशी थांबवलेलं,
त्यातून नुसती वाफ.

"मेरेरिड," तो हळूच म्हणाला, "गाडीला उशीर होणार."
माझ्या हातात नवी चाळणी होती,
कालच आणलेली.
मी म्हटलं, होऊ दे.